अर्ध्या वाक्यावर

"आत काय आहे ते दिसू नये म्हणून..." एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या नवऱ्याने डोळे उघडून "कव्हर" असं सांगून टाकलं. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. तिच्या हातातल्या कार्डावर आणखी दोन-तीन शब्द होते, ते तिथेच राहून गेले. ती हसली, त्याने कार्डाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि दोघं पुढच्या कार्डाकडे वळले. खोलीत बाकी कुणी मान वर केली नाही. करायचं काही कारणही नव्हतं, एक अर्थ पास झाला होता, असे दिवसभर होत असतात. मी मात्र माझ्या टेबलावरून ते पाहिलं आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता तसाच खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या एकाही अर्थावर वाक्य संपायच्या आधी बोललेला नाही. मला वाटायचं, त्याचा स्वभावच मुळी तसा. संथ. आता कळलं की संथपणा माझ्यापुरता राखून ठेवलेला होता.

आमच्या कोशाच्या कार्यालयात एक जुनी पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय माझं दुखणं कुणाला कळायचं नाही. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ लिहिला की लिहिणाऱ्याने कार्डावरचा शब्द अंगठ्याने झाकायचा आणि नुसता अर्थ मोठ्याने वाचायचा. समोर एकजण ऐकायला बसतो. त्याने डोळे मिटायचे, म्हणजे चुकूनही शब्द दिसायला नको. अर्थावरून त्याने शब्द सांगितला तर अर्थ पास. नाही सांगितला तर कार्ड फाडायचं आणि नव्याने लिहायचं. तीनदा नापास झालं की प्रकरण मुख्य संपादकांपुढे. त्यांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण कुणाचंही बोलणं ते "बास" म्हणून संपवतात. माझा नवरा इथला ऐकणारा. लग्नाआधीपासून तो त्याच खुर्चीवर डोळे मिटून बसलेला आहे. मी पूर्वी दिवसभर त्याच्यासमोर बसून वाचायचे. मग माझ्याकडे शब्दांची वाटणी आली, मोठं टेबल आलं, आणि समोरच्या खुर्चीत इतर बसायला लागले. इतरांचं मला कधी काही वाटलं नाही. एकाला सतत सर्दी, दुसरी वाचता वाचता जांभया देणारी. त्यांच्यासमोर माझ्या नवऱ्याने खुशाल डोळे मिटावेत.

ही नवी दोन महिन्यांपूर्वी आली. आम्ही तिला नवीच म्हणतो, तिलाही ते आवडतं. केस कानामागे खोचायची सवय, पायात आवाज न करणारे बूट, आणि वाचताना खुर्चीच्या अगदी काठावर बसते. वाचते तेव्हा तिचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. तो डोळे मिटतो. डोळे मिटलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे मी इतकी वर्षं फुकट पाहत होते आणि त्याची किंमत मला आत्ता कळत होती. भुवया सैल होतात. खालचा ओठ जरासा पुढे येतो. झोपेतही तो असा दिसत नाही, झोपेत तो कपाळाला आठ्या घालून कुणाशी तरी भांडत असतो. हा चेहरा फक्त ऐकतानाचा. आणि शब्द सापडला की तो डोळे उघडतो, तेव्हा समोर जे असेल ते त्याला पहिल्यांदा दिसतं. दिवसातून पन्नास वेळा त्याला पहिल्यांदा ती दिसत होती. हा विचार मी घरी जाताना रस्त्यात केला आणि पुलाच्या कठड्याला धरून क्षणभर उभी राहिले. एका बाईने विचारलं, "चक्कर आली का हो?" मी म्हटलं, "नाही, विसरलंय काहीतरी." ती म्हणाली, "आठवेल मग," आणि गेली.

सध्या आमच्याकडे शब्दकोडी सोडवणाऱ्यांसाठीच्या कोशाचं काम चालू आहे. त्यात शब्द आद्याक्षराने लावायचे नाहीत, तर ज्यांच्या पोटात सारखीच अक्षरं आहेत ते एका जागी आणायचे. या महिन्यात ओ, व्ही, ई, आर ही चार अक्षरं. कव्हर, लव्हर, क्लोव्हर, डिस्कव्हर, ओव्हरकोट, पुलओव्हर, लेफ्टओव्हर. एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कुणी गवत, कुणी अंगरखा, कुणी काल उरलेलं अन्न, आणि चार अक्षरं सारखी म्हणून सगळे एका खोलीत कोंबलेले. कोणता शब्द कुणी लिहायचा हे मी ठरवते. सकाळी कोरी कार्डं टेबलाटेबलावर ठेवत फिरते तेव्हा मला आतापर्यंत बरं वाटायचं. आता नवीच्या टेबलापाशी आले की हात जड व्हायचा. कोणता शब्द दिला तर तो अडेल? मी तिला क्लोव्हर दिला. तीन पानांचं गवत, अर्थ लिहायला किचकट, गवतागवतांत फरक करायला नको का? तिने वाचलं, "तीन पानांचं गवत. चौथं पान सापडलं तर..." आणि हा म्हणाला, "क्लोव्हर." डोळे उघडे, तोंडभर हसू. तेवढ्यात ती खुर्चीवर जागच्या जागी उडी मारल्यासारखी हलली.

त्याच दुपारी मी माझं एक कार्ड घेऊन त्याच्यासमोर बसले. मुद्दाम. हॉव्हर हा शब्द माझ्याकडे होता. मी वाचलं, "सामान्यतः हवेत, विशेषतः एखाद्या वस्तूच्या वर अथवा आसपास, स्थलांतर न करता राहणे, लाक्षणिक अर्थाने, अनिश्चित अवस्थेत असणे." तो पूर्णविरामापर्यंत थांबला. मग आणखी थांबला. खालचा ओठ पुढे आलाच नाही. शेवटी म्हणाला, "फ्लोट?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग लटकणं? ट्रॅफिकमध्ये अडकणं?" शेजारच्या टेबलावर नवी फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. मी कार्डाचे चार तुकडे केले. असा अर्थ चुकत नाही कधी माझा. त्यात एक अक्षर कुणी बोट ठेवून दाखवावं असं नाही. सामान्यतः आहे, विशेषतः आहे, लाक्षणिकही आहे. कुणी भांडायला आलं तर कुठूनही पकडता येऊ नये असंच लिहिते मी, आणि इतक्या वर्षांत मला कुणी पकडलेलं नाही.

घरी सासूबाई खिडकीशी बसून पायाला तेल लावत होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवली असावीत. "काय बिनसलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या मुलाला अलीकडे फार लवकर कळायला लागलंय." त्या म्हणाल्या, "त्याला लवकरच कळतं गं. पण तोंड उघडत नाही मेला. लहानपणी गोष्ट सांगायला बसले की शेवट आधीच ओळखायचा, आणि तरी गप्प बसून राहायचा माझं संपेपर्यंत. मास्तरांना वाटायचं मठ्ठ आहे." मला ही आठवण त्या वेळी अगदी नको होती. आपला मुलगा, आपलं कौतुक. मी भाजी चिरायला घेतली. आणि चिरता चिरता आमच्या ओळखीचं पहिलं वर्ष आठवलं, पण गोड काही नाही, भांडणच आठवलं. तेव्हा आम्ही शाळेतल्या मुलांसाठी एक छोटा कोश करत होतो. मी नुकतीच लागले होते, पगारातून पहिल्यांदा स्वतःसाठी छत्री घेतली होती. आणि या माणसाने माझा एक अर्थ तीनदा नापास केला होता. तीनदा! डोळे मिटून बसायचा, ऐकायचा आणि मान हलवायचा. कोणता शब्द ते आता आठवत नाही, हजारो शब्द लिहिले, रोजच्या जेवणात काय होतं ते कुणाला आठवतं? पण राग अजून आठवतो. कान गरम झाले होते. मी तणतणत पूर्णविरामांकडे गेले, त्यांनी अर्धं ऐकून शब्द सांगितला, हसले, आणि म्हणाले, "उत्तम आहे. मुलांना कळेल. बास." त्या बैलाला कळला नाही आणि म्हाताऱ्याला कळला, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटले होते. पुढे त्याच बैलाशी लग्न केलं, हा भाग वेगळा.

त्या रात्री जेवताना मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवी कशी लिहिते रे?" तो म्हणाला, "छान." मी म्हटलं, "छान म्हणजे?" कोशात काम करणाऱ्या माणसाचं छान म्हणून भागत नाही. तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "ऐकायला बरं वाटतं." आणि पाणी प्यायला. एवढंच. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. नव्हतं कमी. मला माहीत होतं, कारण मी दोनदा घातलं होतं.

मत्सर हा शब्द मी दोन कोशांसाठी लिहून दिलेला आहे. दोन्ही ठिकाणी चुकीचा लिहिला, असं त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याजवळ असलेल्या गोष्टीबद्दल वाटणारी पीडा, असं काहीसं लिहिलं होतं. त्यात शरीराचा उल्लेख नव्हता. मला तर सकाळी उठल्यापासून दाढेखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं आणि जीभ सारखी तिथे जायची. मी तिचे बूट पाहायचे, तिचं डब्यातलं फळ पाहायचे, तिच्या पेन्सिलीचं टोक पाहायचे. ती माझ्याशी फार अदबीने वागायची, त्याने आणखीच जळफळाट व्हायचा. "मॅडम, तुम्ही कधीपासून इथे आहात?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, "तू शाळेत असशील तेव्हापासून." ती म्हणाली, "मग तुम्हाला बरंच विचारायचंय मला." मी म्हटलं, "विचार की, पण आधी काम संपव." तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लव्हर हा शब्द मी तिला मुद्दाम दिला. दुसऱ्या कुणाकडे जाणार होता, सर्दीवाल्याकडे. मी त्याच्या ढिगातून काढला आणि तिच्या ढिगात सर्वांत वर ठेवला. काय बघायचं होतं मला? तिने तो अर्थ त्याच्या तोंडासमोर वाचावा आणि त्याने डोळे उघडून तो शब्द तिला सांगावा, हे मला बघायचं होतं. दाढेखालचं काय आहे ते एकदा बाहेर निघावं, रक्त आलं तरी चालेल. ती दुपारी त्याच्यासमोर बसली. मी हातात कागद धरला होता, उलटा होता की सुलटा देव जाणे. तिने अंगठ्याने शब्द झाकला, केस कानामागे खोचले आणि वाचलं, "जो येणार म्हणून आपण दाराकडे बघतो..."

तो बोलला नाही. त्याच्या भुवया सैल झाल्या, ओठ पुढे आला, आणि मिटल्या डोळ्यांनीच तो हळू म्हणाला, "...आणि आला की दुसरीकडे बघतो."

शब्द सांगितला नाही. तिचं वाक्य पुरं केलं. तंतोतंत तिच्या कार्डावरचंच असणार, कारण तिने कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ती लाजली. माझ्या डोळ्यांसमोर लाल-काळं झालं. म्हणजे हे आधी बोलून झालेलं होतं. कुठे? जिन्यात? चहाच्या खोलीत? एकमेकांना अर्थ ऐकवून झाले होते आणि इथे नुसती उजळणी चालली होती. मी उठले, सरळ पूर्णविरामांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, नवीचं टेबल बदला, ती ऐकणाऱ्यासमोर नको. त्यांनी चष्मा काढला. "कारण?" मी म्हटलं, "फार लवकर पास होते. कामाला धार येत नाही." चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "उद्यापासून तिचं वाचन मी ऐकेन. ऐकणाऱ्यासमोर तुम्ही बसा. बास." मला हवं होतं ते मिळालं होतं. नवऱ्यासाठी न थांबता मी एकटीच बाहेर पडले. दुकानांच्या काचांत माझं प्रतिबिंब दिसत होतं, खांदे पुढे आलेले, पिशवी छातीशी धरलेली. या बाईसमोर कोण डोळे उघडून हसेल?

तो घरी आला तेव्हा सासूबाई शेजारी गेल्या होत्या, ते एक बरं झालं. तो बूट काढत होता. मी दारातच म्हटलं, "पाठांतर चांगलं झालंय."

"कसलं?"

"लव्हरचं."

तो एक बूट हातात घेऊन तसाच बसला. "तुला ओळखू आलं नाही?" त्याने विचारलं.

"आलं ना. न यायला आंधळी आहे का मी? सगळ्या ऑफिससमोर तिच्या तोंडातलं वाक्य..."

"ते तुझं वाक्य आहे."

मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तो म्हणाला, "तुझंच आहे गं. मुलांच्या कोशातलं. तिला शाळेत तो कोश बक्षीस मिळाला होता, त्यावरच ती इंग्रजी शिकली. शब्द दिला की तिला तसंच सुचतं, तिलाही कळत नाही आपलं कुठलं आणि त्यातलं कुठलं. कव्हर तुझं. क्लोव्हर तुझं. चौथं पान सापडलं तर कुणाला सांगू नये, असं लिहिलं होतंस. पूर्णविरामांनी शेवटचं कापायला सांगितलं होतं, तू भांडून ठेवलंस."

मला काही आठवत नव्हतं. मग भांडण आठवलं. मग छत्री आठवली. खोलीतला दिवा लावायचा राहिला होता आणि मी तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. जुने अर्थ चालत नाहीत म्हणाली असतीस." तो बुटाची नाडी सोडवत राहिला, ती आधीच सुटलेली होती. "मला ते परत ऐकायला मिळत होते."

"आणि अर्ध्यावर बोलत होतास."

"पुढचं मला येतंच की."

"हे लव्हरचं तू तेव्हा नापास केलं होतंस," मी म्हटलं. आता ते सगळं वर येत होतं. "तेच ना ते? तीनदा. मी रडले होते."

"पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तो शब्द तुझ्यासमोर तोंडातून निघेना."

"आणि दुसऱ्या वेळी?"

तो हसला. "दुसऱ्या वेळेपर्यंत लक्षात आलं होतं की नापास केलं तर तू परत लिहून आणतेस."

यावर कुठल्याही शहाण्या बाईने विरघळायला हवं होतं. मी विरघळले नाही. मला त्या छत्रीवाल्या पोरीचा संताप आला. तिची वाक्यं याला पाठ. तिच्यासाठी हा मठ्ठ ठरायला तयार होता. नवी तरी समोर दिसत होती, तिचं टेबल हलवता आलं. हिचं काय करू? ही माझ्याच नावाने पगार घेऊन गेली, माझ्याच घरात राहिली, आणि हा इतकी वर्षं तिला ऐकत बसला. "आणि माझे आताचे?" मी शेवटी विचारलं. विचारायला नको होतं. तो खोटं बोलत नाही, हे माझं दुर्दैव. "आताचे बरोबर असतात," तो म्हणाला, "पण बोलतंय कोण ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी नवीचं टेबल भिंतीकडे गेलं होतं, मध्ये कमरेइतका लाकडी आडोसा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली केली. काय चुकलं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तुला विचारायचं होतं ना काहीतरी?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम. तुमच्या वेळी एक छोटा निळा कोश होता, तो कुणी लिहिला, एवढंच." मी म्हटलं, "होती एक. दुपारी सांगते." आणि कोरं कार्ड घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. ओव्हरहिअर हा शब्द उरला होता, बरेच दिवस मीच बाजूला ठेवला होता. पहिलं कार्ड लिहिलं आणि त्यात सामान्यतः आला. फाडलं. दुसऱ्यात अथवा आला, तेही फाडलं. मग गेल्या आठवड्यात मला काय झालं होतं तेच लिहिलं. कुणीही पकडावं असं होतं ते. मी अंगठा शब्दावर ठेवला. त्याने डोळे मिटले.

"बोलणं दुसऱ्यासाठी असतं," मी वाचलं, "पण आपल्या कानावर पडतं..."

"ओव्हरहिअर!" आडोशाच्या पलीकडून नवी ओरडली. मग "सॉरी, सॉरी" म्हणाली. सगळी खोली हसली. तिलाच पहिल्यांदा कळावं! माझी दाढ पुन्हा ठणकली.

माझा नवरा हसला नाही. त्याने डोळे उघडले नाहीत. "थांब गं," तो तिला म्हणाला, "वाक्य संपलेलं नाही."

मी पुढचं वाचलं. "...आणि मग डोळे मिटतात तसे कान मिटता येत नाहीत."

त्याच्या भुवया सैल झाल्या होत्या. खालचा ओठ पुढे आलेला होता. हातभर अंतरावर. मी वाट पाहिली. शब्द त्याला माहीत होता, साऱ्या खोलीला माहीत होता, आताच ओरडून सांगितला गेला होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून. ऐकणाऱ्याने शब्द सांगितला नाही तर अर्थ नापास, असा इथला नियम आहे. मी कार्ड फाडलं आणि नवीन पुढे ओढलं.

"अजून दोनदा," तो डोळे न उघडता म्हणाला.